पत्र्याच्या खोलीला ओढलेली वायर

हरिओमला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगा झाला आणि त्याचं जावळ माहूरला रेणुकामातेच्या गडावर काढलं, ते दोन हजार बावीसचं साल. घरची माणसं जीपमधून परत आली तेव्हा ओट्यावर वर्षाराणी बसलेली होती. शेजारी एक सुटकेस आणि पोत्यात गुंडाळलेलं शिलाई मशीनचं डोकं. लातूरला तिच्या नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणून ठेवली होती. वर्षाराणीनं त्या दोघांचा स्वयंपाक काही महिने केला आणि मग एका सकाळी मशीन उचलून ती एसटीत बसली.

दगडोबा जीपमधून उतरला. लेकीकडं बघून त्यानं पहिली गोष्ट विचारली ती ही, "किती दिवसांसाठी आलीस?"

"आधी प्रसाद तरी द्या आप्पा," ती म्हणाली. "मग सांगते."

प्रसाद दिला. पण तिनं काही सांगितलं नाही, आणि त्यानंही पुन्हा विचारलं नाही. ही जायला आलेली नाही हे त्याला मशीनच्या डोक्यावरूनच कळलं होतं. चार दिवस माहेरपणाला येणारी लेक मशीन घेऊन येत नसते.

दगडोबा म्हणजे मुखेडच्या पुढच्या त्या कोरडवाहू गावातला मानाचा शेतकरी. गावात ठिबक पहिल्यांदा त्यानं आणलं. लोक हसले, मग त्याच्याच बांधावर येऊन नळ्या बघून गेले. मेन लाइन केवढी, तिला फुटणारी नळी केवढी, कुठल्या तुकड्याला किती पाणी जाऊ द्यायचं, हे तो नुसत्या बोटांनी नळी दाबून सांगायचा. बायको वारल्यापासून घरात त्याचाच शब्द चाले. हरिओम ट्रॅक्टर हाकायचा आणि बापाच्या पुढं बोलायचा नाही. सून दीपमाला बोलायची, पण स्वयंपाकघरातून, भांड्यांच्या आवाजात.

वर्षाराणीला त्यानं घरात ठेवलं नाही. अंगणाच्या पलीकडं गुरांचा कोठा होता. चारी बाजूंनी पत्रा, वर पत्रा, दार सुद्धा पत्र्याचं. गुरं विकल्यापासून तो रिकामाच होता. "तिथं ऱ्हा," दगडोबा म्हणाला. "मशीनचा आवाज हिकडं येणार न्हाई."

तिनं शेण खरवडून काढलं, सारवलं, मशीन मांडलं. अंधार पडला की मशीन बंद. मग तिनं विषय काढला.

"आप्पा, मी लाइटचं मीटर घेते. अर्ज करते."

"मीटर कुणाच्या नावावर?"

"माझ्या."

"आन् जागा कुणाच्या नावावर हाय?"

दगडोबानं तंबाखू मळून तोंडात टाकली. "आज मीटरला नाव, उद्या सातबाऱ्याला नाव. मला येडा समजतीस का? घरातनं वायर ओढून देतो. दिवा लागल्याशी मतलब."

वायर ओढायला मुखेडहून रुद्रेश आला. तरणा वायरमन, दोन्ही कानांत खडे घालणारा. त्यानं अंगण पावलांनी मोजलं, कोठ्यात डोकावला, आणि दगडोबाला न विचारता वर्षाराणीलाच विचारलं. "आक्का, काय काय चालवणार?"

"मशीनची मोटर. पंखा, बल्ब. इस्त्री तर लागतीच, गणवेश शिवते मी. पुढं मागं एखादा कूलर."

"मग अडीच एमएमची लागंल. पल्ला बी लांब हाय. आन् तीन पदरी घ्या, अर्थिंगसकट. सगळी खोली पत्र्याची हाय, वायर कुठं घासली तर भिंतीलाच करंट."

"पाऊणची टाक," दगडोबा ओट्यावरून म्हणाला. "दोन पदरी."

रुद्रेश हसला. "मामा, पाऊणची वायर बल्बला ठीक हाय. इस्त्री लावली की तापून लाल."

"मला शिकवून राहिला का? सगळ्या रानाला पाणी मी नळीवर तोलतो. जाड नळी दिली की त्या तुकड्याची हाव वाढती. बारीक दिली की जेवढं द्यायचं तेवढंच जातं, मग वर बसून कुणी कितीबी वरडू द्या. हिला बारीक नळी दे."

"पाण्याचं निराळं हाय मामा. तिथं नळी बारीक म्हणजे पाणी कमी, हिशोब मिटला. हितं मागणारा मागतच ऱ्हातो आन् वायर मधल्या मधी भाजून निघती. मागणारं किती हाय ते बघून वायर घ्यायची, देणाऱ्याच्या मनावर न्हाई."

"तुला बोलावलं कुणी? मी का तिनं?"

"तुम्ही."

"मग?"

रुद्रेशनं वर्षाराणीकडं बघितलं. ती दाराला टेकून उभी होती. "टाका भाऊ, ते म्हणतेत ती," ती म्हणाली. "उद्या माझ्यापायी कर्ज काढल्यागत बोलतील नाहीतर."

"मी सांगून ठेवलं," रुद्रेश म्हणाला. "माझ्या नावानं बोंबलू नका." आणि त्यानं पाऊणची वायर आणली. एक भेंडोळं अर्धवट उरलेलं होतं ते पुरलं नाही, म्हणून अंगणाच्या मधोमध दुसऱ्या तुकड्याला पीळ देऊन जोडलं आणि वर काळी पट्टी गुंडाळली. कोठ्याच्या दारावर पत्र्याला एक जुनं भोक होतं, त्यातून वायर आत घेतली. भोकाची कड कोयत्यासारखी. तिथं रबर घालायला हवं होतं. ते रुद्रेशच्या पिशवीत होतं. पण त्याला गाडी गाठायची होती आणि घरधन्यानं चारचौघांत त्याची अब्रू काढली होती. त्यानं रबर घातलं नाही.

दगडोबाच्या मनात नळीचा हिशोब होताच, पण खाली आणखी एक गोष्ट होती. अडीचची वायर म्हणजे पाइपातून न्यायची, भिंतीला ठोकायची. गावानं बघितलं असतं आणि म्हटलं असतं, दगडोबाची लेक आता इथंच राहणार. पाऊणची दोन पदरी वायर लग्नाच्या मांडवात टाकतात. मांडव उठला की गुंडाळून कोनाड्यात. ती वायर लोंबकळती दिसली की त्याला बरं वाटायचं.

आणि वायरनं त्याचं म्हणणं खरं करून दाखवलं. वर्षाराणीनं इस्त्री लावली की तिचा बल्ब पिवळा पडायचा आणि पंख्याची पाती मोजता यायची. दगडोबानं पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा तो हरिओमला हाताला धरून दारापर्यंत घेऊन आला.

"बघ. जास्ती घ्यायला गेली की दिवा मंद. नळीनं काम केलं का न्हाई? तो पोरगा मला करंट शिकवत होता."

"लई भारी आप्पा," हरिओम म्हणाला.

आत वर्षाराणी दातात टाचणी धरून बाही बेतत होती. टाचणी काढून म्हणाली, "माझं जेवण बी असंच एखाद्या नळीतून सोडा आप्पा. घास मोजायला सोपं."

दीपमाला स्वयंपाकघरात खुदकन हसली. दगडोबाला ते हसू लेकीच्या बोलण्यापेक्षा जास्त झोंबलं.

पुढच्या उन्हाळ्यात घरच्या बोर्डातला फ्यूज वरचेवर उडायला लागला. इकडं मिक्सर, तिकडं इस्त्री, की गेली लाइट. अख्ख्या घरात अंधार आणि दीपमालाची मालिका अर्धवट. "कोठ्याचं बिऱ्हाड घराला अंधारात बसवून राहिलं," ती भांडी आपटत म्हणायची. हरिओम फ्यूजला बारीक तार लावायचा, ती दोन दिवसांत जळायची. शेवटी दगडोबा स्वतः उठला. मोटारीच्या जुन्या केबलमधून त्यानं तांब्याचा जाड पदर सोलून काढला, फ्यूजच्या चिनीमातीच्या खटक्यात दुहेरी करून आवळला आणि बोर्डात ठोकून बसवला.

"आता जळत न्हाई," तो म्हणाला.

ते खरं होतं. त्यानंतर फ्यूज एकदाही उडाला नाही. त्याच्या डोक्यात इतकंच होतं, की बोर्डापाशी तार जाड असली तरी पुढं वायर बारीकच आहे, म्हणजे लेकीला जाणार ते बारीकच जाणार. सुनेचं तोंड बंद झालं आणि लेकीची नळीही वाढली नाही. दोन्ही बायकांना एकाच तुकड्यानं गप्प केल्याचं समाधान त्याला कितीतरी दिवस पुरलं.

दोन हजार चोवीसच्या संक्रांतीनंतर दगडोबा रानातच पडला. नांदेडच्या दवाखान्यातून परत आणला तेव्हा उजवी बाजू गेलेली होती आणि वाचाही गेली होती. समजत सगळं होतं. डॉक्टरांनी तसं सांगितलं, पण घरी आल्यावर त्याच्यासमोर सगळे असं बोलू लागले जणू तिथं पोतं ठेवलंय.

"वास येतो हो," दीपमाला म्हणाली. "लेकरू खेळतं घरात. मी काय काय करू?"

हरिओम अंगण ओलांडून बहिणीकडं गेला. "आक्का, आप्पांना तुझ्याकडं ठेवू म्हणतो. तुझा हात मोकळा हाय."

"माझा हात मोकळा? मग मशीन कोण चालवतं, तुझा सासरा?"

"तसं न्हाई. तुझा जीव हाय त्यांच्यावर."

"त्यांचा माझ्यावर किती हाय ते दारावर लोंबतंय, बघ की," ती म्हणाली. पण तिनं जागा केली. अट एकच घातली, घरातला जुना कूलर इकडं द्यायचा. नुकत्याच आणलेल्या नव्या कूलरचं कौतुक असल्यामुळं दीपमालानं जुना लगेच दिला. आणि बापाचं करायच्या हातांनी गॅसला शिवू नका, असं वहिनीनं एकदा सुनावल्यावर वर्षाराणीनं मुखेडच्या बाजारातून कॉइलची शेगडी आणली.

लाकडी बाजेवर दगडोबा उताणा पडून राहायचा. समोर दार आणि दारावर ते भोक. त्यातून आत येणारी, पत्र्याला खिळ्यांनी अडकवत नेलेली पांढरी वायर. दुसरं बघायला काही नव्हतं.

वर्षाराणी त्याचं सगळं करायची. वेळेवर पुसायची, कूस बदलायची, जखमांना पावडर लावायची. हात हलका होता. जीभ मात्र तिनं कधी आवरली नाही. इतकी वर्षं साठलेलं बोलायला तिला असा श्रोता मिळाला होता की जो उठून जाऊ शकत नव्हता.

"किती दिवसांसाठी आलात आप्पा?" ती त्याचं धोतर बदलताना विचारायची. "सांगा की. जागा कुणाच्या नावावर हाय?" कूलर लावला की म्हणायची, "गार वाटतंय का? पाऊणच्या नळीतून येऊन राहिलंय ते, जपून घ्या." भाताची पेज भरवताना तोंडाच्या कोपऱ्यातून ओघळ आला की पदरानं टिपायची आणि म्हणायची, "सांडू नका. मोजून दिलंय."

दगडोबाच्या डोळ्यांतून पाणी यायचं. ते रागाचं की कशाचं हे त्यालाही सांगता आलं नसतं.

वायरवर एक पाल राहायची. सकाळी ती वायरवरून आरामात पलीकडं जायची. एकदा शेगडीवर पाणी ठेवलेलं, कूलर चालू, आणि वर्षाराणीनं इस्त्री लावली. पाल निम्म्या वाटेवर होती. ती एकदम उडी टाकून खाली पडली, दगडोबाच्या पायावर. मग त्यानं नीट बघितलं. खिळ्यांच्या मधली वायर, सकाळी ताणलेली असते ती, झोळीसारखी खाली आली होती. वरचं प्लॅस्टिक ओलं असल्यासारखं चकाकत होतं. आणि वास. हा वास त्याला दोन महिने येत होता, तो स्वतःच्या अंगाचा समजत होता.

उताण्या माणसाला विचार करायला वेळच वेळ असतो. नळी भरून वाहिली तर हाताला गार लागते. ही भरली की तापते. म्हणजे कमी जात नव्हतं. जेवढं मागितलं तेवढं जात होतं आणि वायरला जाळत जात होतं. दिवा मंद व्हायचा तो त्यामुळं. असली वायर जळायच्या आधी जळून जायला म्हणून बोर्डात ती बारीक तार असते. ती त्यानं काढली होती. तिच्या जागी काय आहे हे त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

हरिओम रोज दारापर्यंत यायचा. नाकाला रुमाल लावून विचारायचा, "बरं हाय न्हवं आप्पा?" दगडोबा डावा हात वायरकडं करायचा, मग घराकडं करायचा, घशातून आवाज काढायचा.

"हाव, हाव," हरिओम म्हणायचा. "पंखा चालूच हाय." आणि जायचा.

मग लेकच उरली. तिला सांगायचं ठरवलं तेव्हा जून उजाडला होता. शाळा उघडायला आल्या होत्या आणि मुखेडच्या एका शाळेचे गणवेश तिला पुरे करायचे होते. त्या एका कामातून नाव झालं तर मुखेडला खोली घेऊन निघायचं, असं ती शिवताना मोठ्यानं बोलायची. खोलीत निळ्या कापडाचे ढीग होते. दुपार. पत्रा वरून भट्टीसारखा तापलेला. कूलर चालू होता, शेगडीवर त्याच्यासाठीच पेज चढवली होती, आणि तिनं इस्त्रीची पिन लावली. बल्ब विझल्यासारखा झाला.

दगडोबानं डावा हात उचलला. वायर दाखवली. इस्त्री दाखवली. पुन्हा वायर. कपाळाला आठ्या घालून, होतं नव्हतं तेवढं बळ लावून तो घशातून ओरडला.

वर्षाराणी इस्त्री हातात धरून थांबली. तिनं त्याच्या हाताकडं बघितलं, वायरकडं बघितलं, इस्त्रीकडं बघितलं. तिचा चेहरा हळूहळू आवळला.

"आजून?" ती म्हणाली. "मी तुमची घाण काढून राहिले, आन् तुमचा डोळा आजून माझ्या लाइटवर? इस्त्री बंद करू म्हणता? अंगात जीव न्हाई, पण लेकीनं करंट घेतला तर ते बरोबर दिसतंय तुम्हाला."

तो मान हलवत राहिला. डाव्या हातानं बाजेची दोरी ओढत राहिला.

"थांबा. दाखवते." तिनं शेगडीचं बटन शेवटपर्यंत फिरवलं. पाणी तापवायचा एक रॉड खुंटीला होता, तो बादलीत सोडून प्लगच्या उरलेल्या खाचेत खुपसला. भर जूनमध्ये कुणाला गरम पाणी नको होतं. "घ्या. मोजा आता. बारीक नळीतून किती जातं ते मोजा पडल्या पडल्या."

कूलरमधलं पाणी संपत आलं होतं. दुसरी बादली घेऊन ती बाहेर हौदाकडं गेली. जाताना दार मागं लोटून गेली.

भोकापाशी वायर पत्र्याच्या कडेवर टेकली होती. प्लॅस्टिक मऊ होऊन दोन्ही बाजूंना उतरलं. दगडोबाला तांबं दिसलं. नव्या पैशासारखं लाल. ते कडेत रुतलं आणि बारीक ठिणगी उडाली. मग भिंत गुणगुणायला लागली. चारी भिंती, वरचा पत्रा, दार. फार मोठा आवाज नव्हता. कूलरच्या आवाजाखाली दुसऱ्या कुणाला ऐकू आला नसता.

तो ओरडला. बाजेवर डोकं आपटून ओरडला.

"आले, आले," बाहेरून तिचा आवाज आला. अनवाणी पायांचा आणि हिंदकळणाऱ्या पाण्याचाही आला. "वरडू नका. गावाला वाटंल, मी मारून राहिले तुम्हाला."

आणि तिनं ओला हात दाराला लावला.

फ्यूज उडाला नाही. बादली पडली. पाणी दाराखालून आत आलं, बाजेच्या पायांपर्यंत पसरलं. बाज लाकडाची होती. दाराच्या फटीतून दगडोबाला तिची बोटं दिसत होती, पत्र्याची कड धरलेली. ती सोडत नव्हती. कूलर चालू होता आणि त्याच्या अंगावर गार वारा येत होता.

पाणी भरायला आलेल्या शेजारणीनं आरडाओरड केली. दीपमाला ओट्यावर येऊन किंचाळत राहिली. हरिओम रानातून आला तेव्हा त्यानं बोर्डातला फ्यूजचा खटका ओढून काढला. मग ती बोटं सुटली.

पोलीस आले, पंचनामा झाला, अपघात म्हणून लिहिलं. लातूरहून नवरा आला, मातीला थांबला, आणि जाताना शिलाई मशीन आपल्या घेण्यातलं आहे म्हणून घेऊन गेला.

तिसरं झाल्यावर हरिओम पहिल्यांदाच खोलीच्या आत आला. बाजेशेजारी टेकला. त्यानं रुमालही लावला नाही. "आप्पा," तो हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही फ्यूजात घातलेला तो तांब्याचा तुकडा मी काढून टाकला बरं का. पोलीस यायच्या आधीच बारीक तार लावून ठेवली. कुणाला काई कळलं न्हाई. तुम्ही जीवाला लावून घेऊ नका." त्यानं बापाचा डावा हात थोपटला. बाप आपल्याकडं का बघतोय हे त्याला समजलं नाही, आणि त्याला ट्रॅक्टरला डिझेल आणायचं होतं.

दगडोबाला घरात घेतलं नाही. दीपमालानं एक बाई लावली, ती सकाळी यायची आणि पुसून जायची. खोलीला नवी वायर टाकायला रुद्रेशलाच बोलावलं. त्यानं अडीच एमएमची तीन पदरी वायर पाइपातून आणली, भोकात रबर बसवलं, बाहेर खड्डा करून अर्थिंग दिलं. काम करताना त्यानं बाजेकडं एकदाही बघितलं नाही. झाल्यावर हरिओमला म्हणाला, "आता काईबी लावा. इस्त्री, कूलर, फ्रीज. बल्ब हलणार सुद्धा न्हाई."

हरिओमनं कूलर लावून बघितला. बल्ब हलला नाही.

वर्षाराणी दोन हजार चोवीस सालच्या जून महिन्याच्या दोन तारखेला दुपारी वारली. दगडोबा त्याच साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वारला.